जायला सोळा तास, यायला चौदा: लांबच्या विमानप्रवासाचं गणित

मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर, असं मोबाइलवर विचारलं की उत्तर लगेच येतं: साधारण १२,५०० किलोमीटर. त्याच्याच खाली वेळही दिलेला असतो, साडेचौदा तासांच्या आसपास. मग मुलाने किंवा मुलीने पाठवलेलं तिकीट उघडलं की तिथे थेट विमानालाही सोळा तास, कधी त्याहून जास्त लिहिलेले दिसतात. परतीच्या तिकिटावर तास कमी. आणि सुटण्याची नि पोचण्याची वेळ नुसती वाचली तर मुंबईहून रात्री एकला निघालेलं विमान त्याच दिवशी सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला उतरतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत हे तिकीट टेबलावर ठेवून आई-बाबा, काका-काकू बुचकळ्यात पडलेले असतात. पहिल्यांदाच एवढ्या लांब जाणाऱ्या माणसाला आपण नेमके किती तास बसून राहणार आहोत हे कळायलाच हवं. औषधांच्या वेळा त्यावर ठरतात, पायांची सूज त्यावर ठरते, आणि मनाची तयारीही.

यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, एवढंच.

अंतरापासून सुरुवात करू. शाळेतला पृथ्वीगोल मिळाला तर उत्तम. त्यावर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक बोटाने दाबून धरायचं, दुसरं टोक न्यूयॉर्कवर ठेवायचं आणि दोरा ताणायचा. सैल दोरा आधी अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग असा पडलेला असेल. ताणत गेलात की तो आपोआप वर सरकायला लागतो. भूमध्य समुद्र सोडतो, युरोपही बराचसा सोडतो, आणि पूर्ण ताणला की भलत्याच जागी जाऊन स्थिरावतो. मुंबईहून कच्छ, मग सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्राच्या पूर्वेकडचा कझाकस्तान, मॉस्कोच्या अगदी जवळून फिनलंड, तिथून स्वीडन-नॉर्वे, आइसलँडच्या आसपास, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर, आणि मग वरून खाली उतरत न्यूयॉर्क. अमेरिका पश्चिमेला आहे हे आपण लहानपणापासून घोकलेलं असतं. पण मुंबईहून न्यूयॉर्कचा सगळ्यात जवळचा रस्ता निघताना पश्चिमेकडे नाही, वायव्येपेक्षाही उत्तरेला जास्त झुकलेला आहे. वाटेत तो जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. हा प्रयोग मुलांकडून करून घ्यावाच. दोरा बोटाखालून सरकताना जे समजतं ते पानभर वाचून समजत नाही.

या ताणलेल्या दोऱ्याची लांबी म्हणजे ते १२,५०० किलोमीटर. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी गोल धरायची आणि पृष्ठभागावरून सर्वांत कमी अंतर काढायचं. संकेतस्थळं हेच करतात. त्यात वाऱ्याचा, देशांच्या सीमांचा, धावपट्टीच्या दिशेचा काहीही विचार नसतो. ते शुद्ध भूमितीचं उत्तर आहे.

मग भिंतीवरच्या नकाशात हे का दिसत नाही? कारण तो नकाशा या कामासाठी काढलेलाच नव्हता. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली तो पसरला तो दर्यावर्दींसाठी. होकायंत्राची दिशा न बदलता जाणारी वाट कागदावर सरळ रेघ दिसावी, ही त्याची गरज. त्यासाठी ध्रुवांकडचा प्रदेश त्याला अवाच्या सवा ताणावा लागला. म्हणून त्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ चौदापट आहे. त्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ ओमान, सौदी अरेबिया, लिबिया, अल्जीरिया, अटलांटिक अशी जाते. दिसायला सरळ, पण मोजली तर सुमारे १४,२०० किलोमीटर. म्हणजे दोऱ्यापेक्षा साडेसोळाशे-सतराशे किलोमीटर जास्त, मुंबई-दिल्ली विमानप्रवासाहूनही मोठा फरक. हा नकाशा समुद्रावर फार उपयोगी पडला, पण अंतराची कल्पना करून घ्यायला तो वर्गात टांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विमान थांबत जाणार असेल तेव्हाही दोरा कामाला येतो. लंडन एवढं वर आहे म्हणून तिकडून जाणं म्हणजे वळसा, असं वाटतं. पण मुंबई-लंडन साधारण ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क साधारण ५,५५०, बेरीज पावणेतेरा हजार. थेट अंतरापेक्षा जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटर जास्त. दोहामार्गे गेलं तर बेरीज १३,००० च्या थोडी वर जाते, म्हणजे सव्वापाचशेच्या आसपास जास्त. आखातातून जाण्याने अंतर फारसं वाढत नाही, वेळ वाढतो तो मधल्या थांब्याने आणि पुन्हा एकदा उतरण्या-चढण्याने. वयस्कर माणसाला सोळा तास सलग बसणं झेपत नसेल तर हा मधला थांबा मला फायद्याचाच वाटतो. मात्र थांबा दोन तासांहून कमी असेल तर घेऊ नये. तिथल्या विमानतळावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालणंच केवढं असतं!

आता वेळ. प्रवासी जेट विमान वर स्थिरावलं की ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतं. १२,५०० ला ९०० ने भागलं की चौदा तासांच्या थोडं खाली उत्तर येतं, चढण्या-उतरण्याचा अर्धा-पाऊण तास त्यात मिळवला की मोबाइलवरचे साडेचौदा तास. पण हे ताशी ९०० कशाच्या मानाने? हवेच्या मानाने. विमान हवेत चालतं, जमिनीवर नाही. आणि ती हवा स्वतःच चाललेली असते.

कोकणातल्या माणसाला हे निराळं शिकवायला नको. शिडाच्या गलबतांच्या काळात मस्कत, बसरा किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचं ते पावसाळा सरल्यावर, ईशान्येचा वारा धरला की. परत फिरायचं ते नैऋत्येचा वारा लागल्यावर, पण पावसाने दर्या खवळायच्या आत. मस्कत जितक्या मैलांवर होतं तितक्याच मैलांवर राहायचं, दिवस मात्र वाऱ्याप्रमाणे बदलायचे. विमानाचंही तसंच आहे, फक्त वारा दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा.

त्या उंचीवर समशीतोष्ण पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या जणू नद्या वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. शेकडो किलोमीटर रुंद, पण जाडी दोन-चार किलोमीटरचीच. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर. विषुववृत्ताकडची तापलेली हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकातून हे प्रवाह जन्मतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळतात. हिवाळ्यात तो फरक वाढतो, म्हणून वाराही वाढतो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. जगभरच्या लोकांना कळावं म्हणून त्याने आपला अहवाल एस्परांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, पण ती भाषा वाचणारेच थोडे निघाले. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून गेलेल्या अमेरिकी वैमानिकांना हा वारा अंगावर आला तेव्हा कुठे तो साऱ्यांच्या ध्यानात आला. इतकं मोलाचं काम इतकी वर्षं पडून राहिलं याची मला फार हळहळ वाटते.

आता आकडे घालून पाहा. समजा अंतर १२,००० किलोमीटर, विमानाचा वेग ९०० आणि वारा सगळी वाट ताशी १०० ने समोरून. जमिनीच्या मानाने वेग उरला ८००, वेळ पंधरा तास. परतताना तोच वारा पाठीमागून, वेग १,०००, वेळ बारा तास. तीन तासांचा फरक! प्रत्यक्षात सगळी वाट एवढा वारा लागत नाही, म्हणून मुंबई-न्यूयॉर्कमध्ये फरक दीड-दोन तासांवर राहतो. या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वारा नसता तर जाऊन-येऊन सव्वीस तास चाळीस मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळे सत्तावीस लागले. जाताना जे गेलं ते येताना पुरतं भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी.

याच वाऱ्याच्या जोरावर ९ फेब्रुवारी २०२० रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. कियारा नावाच्या वादळामुळे जेट प्रवाह त्या रात्री भलताच जोरात होता. एरवी त्याला सहा-सात तास लागतात. आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकवरून जाण्याऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून विमान नेलं. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीच्या वाटेहून जवळपास १,४०० किलोमीटर लांब. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं आणि दोनेक तास वाचले, कारण वारा पाठीशी होता. हे एक उदाहरण लक्षात ठेवलं तरी अंतर आणि वेळ यांची गल्लत होणार नाही. अटलांटिकवरच्या विमानांच्या वाटा तर या वाऱ्याचा अंदाज घेऊन रोज नव्याने आखल्या जातात. पूर्वेला जाणाऱ्यांना प्रवाहात घालायचं आणि पश्चिमेला जाणाऱ्यांना त्यातून बाहेर ठेवायचं.

आपल्या डोक्यावरचं आकाशही यात मागे नाही. हिवाळ्यात पश्चिमेकडचा जेट प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला उतरून उत्तर भारतावरून वाहतो. पावसाळ्याच्या तोंडावर तो हिमालय ओलांडून उत्तरेला सरकतो. मग जून ते सप्टेंबर कोकणात खाली नैऋत्येचा वारा माडांना वाकवत असतो, तेव्हा त्याच आकाशात चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे जवळपास उलट दिशेने, दुसरा जेट प्रवाह वाहत असतो. त्याचा जोर दक्षिण भारतावर जास्त. विमानं त्याच्या थोडी खालून जातात, पण त्याची झुळूक त्यांनाही लागते. हिवाळ्यात आखाताकडे जाताना समोरून येणारा वारा पावसाळ्यात नरम पडतो तो यामुळे. खालच्या वाऱ्यावरून वरच्या वाऱ्याचा अंदाज बांधायला गेलं तर फसगत होते.

वाऱ्यानंतर सीमा. दोरा ज्या देशांवरून गेला ते पुन्हा एकदा आठवा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. आज मुंबईहून निघालेलं भारतीय विमान त्या दोऱ्यावरून जाऊच शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. भारतानेही पाकिस्तानी विमानांना बंद केलं. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. अशा वेळी विमानं अरबी समुद्रावरून ओमान-आखाताच्या बाजूने वळसा घेतात. दिल्लीहून जाणाऱ्यांना याचा फटका मोठा, काही विमानांना तर इंधन भरायला व्हिएन्नाला उतरावं लागलं. मुंबई समुद्राकाठी असल्याने तिला वळसा त्या मानाने कमी पडतो. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. त्यामुळे एकाच दोन शहरांमधली दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटेने जातात आणि त्यांचे तासही जुळत नाहीत. इराणच्या बाजूला काही पेटलं की एका रात्रीत सगळं पुन्हा बदलतं. प्रवासाच्या आदल्या दिवशी विमानाची वेळ पुन्हा तपासायची ती यासाठीच, सहा महिने आधी छापून ठेवलेल्या कागदावर विसंबायचं नाही.

वळसा म्हणजे जास्त इंधन, आणि इंधन म्हणजे वजन. बोइंग ७७७-३००ईआर जातीच्या विमानाच्या टाक्या पूर्ण भरल्या तर नुसतं इंधनच सुमारे १,४५,००० किलो होतं. ते वाहून न्यायलाही इंधन जळतं. अंतर वाढलं की इंधन त्याहून झपाट्याने वाढतं ते यामुळेच. आणि इतकं जड विमान उठायला लांब धावपट्टी लागते. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या जवळ आहे, सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची अडीच.

तिकिटावरचे तास मोजले जातात ते विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंत. मुंबईत उड्डाणासाठी रांगेत थांबणं, न्यूयॉर्कवर उतरण्यापूर्वी घातलेल्या घिरट्या, सगळं त्यात धरलेलं असतं, वर थोडा मोकळा वेळही ठेवलेला असतो. म्हणून विमान कधी अर्धा तास लवकरही पोचतं.

राहिला घड्याळाचा घोळ. भारतात घड्याळ न्यूयॉर्कच्या पुढे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आपण काहीच करत नाही. मे महिन्याचं तिकीट घ्या. मुंबईहून रात्री १ ला सुटलं, साडेसोळा नकोत, सोळाच तास धरू. मुंबईत संध्याकाळचे ५ वाजले. त्यातून साडेनऊ वजा केले की न्यूयॉर्कचे सकाळचे साडेसात. परतीला न्यूयॉर्कहून सकाळी ११ ला सुटलं आणि साडेचौदा तास लागले तर तिथे रात्रीचे दीड वाजलेले असतील. त्यात साडेनऊ मिळवले की मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ११. कागदावर जाताना साडेसहा तास, येताना चोवीस. शरीराने मोजलेले तास सोळा आणि साडेचौदा. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती कोणत्या घड्याळाने घ्यायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून पर्समध्ये ठेवावं. विमानात बसल्यावर तो हिशोब कोणालाच सुचत नाही.

आणि या सगळ्यात कोणतंच संकेतस्थळ न धरणारे तास आपले स्वतःचे. राजापूर किंवा देवरूखच्या घरातून मुंबईचा विमानतळ गाठायला गाडीने आठ-दहा तास धरावेच लागतात, पावसात आणि गणपतीत त्याहून जास्त. साडेतीनशे-चारशे किलोमीटरला विमानाच्या प्रवासाच्या अर्ध्याहून अधिक वेळ! त्यात विमानतळावरचे तीन-चार तास, पलीकडे उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेचे दीड-दोन, मग मुलाच्या घरापर्यंतचा रस्ता. घरून घरापर्यंत तीस-बत्तीस तास होतात, आणि दमणूक त्या तासांची असते. म्हणून रात्री एकचं विमान असेल तर त्या रात्रीच्या आधीच्या सकाळी गावाहून निघू नये. त्याच्याही आदल्या दिवशी येऊन मुंबईत किंवा पनवेलला नातेवाइकांकडे मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी दुपारी आडवं पडावं, मग निघावं. सिंधुदुर्गातल्या लोकांना जानेवारी २०२३ पासून गोव्यातलं मोपा विमानतळही जवळ झालं आहे. तिथून जोडविमान मिळत असेल तर मुंबईचा रस्ता पूर्ण वाचतो, फक्त सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्यावा, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची जबाबदारी कंपनीवर राहते.

परतीचंही आधीच ठरवावं. सकाळी अकराला उतरलेला माणूस सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत साडेबारा-एक वाजतो. कोकण रेल्वेच्या सकाळच्या गाड्या, मांडवी आणि जनशताब्दी, तोवर गेलेल्या असतात. चिपळूण-रत्नागिरीकडच्यांना कुर्ला टर्मिनसहून दुपारी सुटणारी मत्स्यगंधा सोयीची, पण विमान दोन तास उशिरा आलं तर तीही चुकते. तेव्हा रात्रीच्या कोकणकन्येचं किंवा तुतारीचं आरक्षण करावं आणि मधले तास कोणाकडे तरी अंघोळ करून झोप काढावी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, तेही आरक्षण करताना पाहून घ्यावं.